गुन्हे वाढले की गुन्ह्यांच्या बातम्या?

आमच्या मामींच्या अंगणात नळाच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम आहे. अमळनेर-पारोळ्याकडे घरोघरी असतो तसाच, वर जुनं ताट झाकलेलं, कारण नळ आठवड्यातून एकदा आला तर आला. दहा वर्षं त्या ड्रमकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग मार्च २०२५ मध्ये मेरठची ती बातमी आली, नवऱ्याचा मृतदेह निळ्या ड्रममध्ये वर सिमेंट ओतून ठेवलेला सापडला, बायकोला अटक झाली, आणि तेव्हापासून गल्लीतली पोरं येताजाता ड्रमवर टिचकी मारून विचारतात, "मामा, रात्री झोप लागते ना?" इथपर्यंत गंमतच होती. पण मामेभावासाठी मुलगी बघायचं निघालं तेव्हा मामी एकदम गंभीर. "भाऊ, जमाना बिघडी गया. आते पोरीस्ना भरोसा नही ऱ्हायना." मी म्हटलं कोणाच्या पोरीचा, आपल्या गावात केलंय का कोणी असं? तर मोबाईलच पुढे केला. "हाई दख ना, रोज येस."

रोज येतं हे खरंच आहे. पण रोज येणं आणि रोज घडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पारावर बसून "जमाना बिघडला" म्हणतो तेव्हा दोन्हीची खिचडी करतो.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. देशभरातल्या गुन्ह्यांची मोजदाद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग करतो, तर त्यांच्या वार्षिक अहवालात सुरुवातीलाच सावध केलेलं असतं की गुन्हे वाढणं वेगळं आणि पोलिसांकडे नोंदी वाढणं वेगळं. उदाहरणार्थ २०१२ साली पॉक्सो कायदा आला, मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरला, मग आकडा वाढणारच ना, आधी जे घरातल्या घरात दाबलं जायचं ते आता कागदावर येतं. म्हणजे घडणं आणि नोंद होणं ह्यातच एवढं अंतर, आणि मोबाईल तर त्याच्याही पुढची पायरी, तिथे फक्त दिसणं आहे.

खुनाचंच घ्या, कारण खून सहसा लपत नाही. १९९२ च्या आसपास देशात वर्षाला ४० हजारांच्या घरात खुनाचे गुन्हे नोंदवले जायचे, तेव्हा लोकसंख्या साधारण ८५ कोटी. २०२२ मध्ये नोंद झाली २८,५२२, आणि लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास. कमी झालेत खून! हे ओट्यावर सांगितलं तर लोक माझ्याकडेच संशयाने बघायला लागले.

मग दिसतात इतके कुठून? ह्याचं उत्तर मला रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलं. पेपरात बातमीला जागा असते. मेरठचा खून आतल्या पानावर एका कॉलमात, जळगाव-धुळ्याचा जिल्हा पानावर, गिरणा धरणाच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार ते वरती ठळक. पान उघडलं की लांबचं काय न् जवळचं काय, मोठं काय न् किरकोळ काय ते डोळ्यालाच कळायचं. मोबाईलवर सगळ्या बातम्या एकाच मापाच्या, पूर्ण स्क्रीनभर, आणि गावाचं नाव तर कित्येकदा नसतंच, नुसतं "पत्नीने केलं असं काही की…". त्यात एकच घटना वीस चॅनलवाले वीस वेगळे फोटो लावून टाकतात, मामींना ते वीस खून वाटतात. शिवाय एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की ॲपला वाटतं ह्यांना हेच आवडतं, की आणा अजून दहा तसलेच. मामांच्या मोबाईलवर नुसते कापसाचे भाव आणि ट्रॅक्टर. एकाच घरात एकाच खाटेवर बसलेल्या दोघांचा देश वेगळा आहे राव.

आता उलटी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल ह्याला सगळंच खोटं वाटतं. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे जे म्हातारे लोक म्हणतात त्यात बरंचसं "आमच्या वेळी असं कळत नव्हतं" असतं. स्टोव्हचा भडका उडाला, विहिरीवर पाय घसरला, असं सांगून किती सुना गेल्या ते आठवा. त्याची बातमी झाली तर चार ओळी. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलंय. शंभरात एकोणतीस! ह्याचे रील बनत नाहीत कारण त्यात नवल काहीच नाही. जे नेहमीचं आहे ते दिसत नाही आणि जे क्वचित आहे तेच रोज दिसतं.

मी एकदा ओट्यावर मोजायलाच लावलं. आपलं गाव आणि आजूबाजूची दहा-बारा गावं, बायकोने नवऱ्याला मारल्याची केस कोणाला माहितीये? सगळे गप्प. बरं, मार खाऊन माहेरी परत आलेल्या पोरी किती? मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपली, मग एकाने विषय बदलून कापसावर नेला.

दिसणं आणि घडणं ह्यांची गल्लत नुसती गप्पांपुरती असती तर मी एवढं लिहिलंही नसतं. १ जुलै २०१८, आपल्याच धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर एकच, मुलं पळवणारी टोळी आली, मुलं पळवणारी टोळी आली. त्या वेळी देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर पाकिस्तानातल्या कराचीचा होता, मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम बनवलेला, फक्त शेवटी जिथे मूल परत आणून देतात तो भाग कापलेला. राईनपाड्यात त्या दिवशी मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आलेले होते, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठेचून मारलं. मूल कोणाचंच पळवलं गेलेलं नव्हतं. दिसणं भरपूर होतं, घडणं शून्य. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

आणि हो, काही ठिकाणी दोन्ही खरंच वाढलंय. ऑनलाइन फसवणूक, पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच 'अटक' करणारे डिजिटल अरेस्टवाले फोन, हे बातम्यांतही वाढलं आणि प्रत्यक्षातही. तिथे भीती बाळगलेली बरी, आणि अशा फसवणुकीची तक्रार करायचा १९३० नंबर पाठ पाहिजे. माझा साधा हिशोब असा की मोबाईलवर दिसलं ते मला ओळखीच्या माणसांतही सापडतंय का. डिजिटल अरेस्टवाले सापडतात, आमच्या ओळखीतल्या एका रिटायर गुरुजींना दोन तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं. ड्रमवाल्या नाही सापडत.

मामेभावाचं लग्न झालं एकदाचं, शिरपूरकडची मुलगी, घरात माणूस वाढलं तर पाणी पुरेना, म्हणून मामींनी मला बाजारातून दुसरा ड्रम आणायला सांगितला. वर बजावलं, "निळा नको आनू बरं." दुकानात पांढरे होते पण दोनशे रुपये जास्त, मामा म्हणाले निळाच उचल. आता दोन निळे ड्रम शेजारी शेजारी आहेत आणि नव्यावर मामींनी गोणपाट गुंडाळून ठेवलंय. उन्हाने पाणी तापतं म्हणून, असं त्या म्हणतात.