जाच, नियंत्रण आणि घर कुणाच्या नावावर

पगाराचं कार्ड नवऱ्याकडे द्यायचं, माहेरी बोलताना फोनचा स्पीकर चालू ठेवायचा, नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतून सुटल्यावर घरी पोचायला उशीर का झाला याचा रोज जाब द्यायचा. अंगावर वळ एकही नसतो. बायका याला ‘जाच’ म्हणतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ साली अशा सततच्या नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरवलं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं दंड संहितेतलं कलम ४९८-अ १९८३ चं, आता ते भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५. त्यात मानसिक छळ बसतो, पण जिवावर किंवा आरोग्यावर बेतेल इतका, नाहीतर पैशाच्या मागणीपायी केलेला.

जाचाच्या खरं जवळ जातो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्यात भावनिक आणि आर्थिक छळ नाव घेऊन आले, आणि ‘सामाईक घरा’त राहण्याचा हक्कही. घोळ झाला तो या दोन शब्दांवर.

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर सासूच्या मालकीचं असेल तर ते सामाईक नव्हे. कायद्यातल्या व्याख्येत तर मालकी असो वा नसो, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नाशकात याचा अर्थ काय झाला? सिडकोच्या योजनांमधली घरं आधीच्या पिढीने घेतलेली, मुलगा-सून वरच्या मजल्यावर. निफाड-दिंडोरीत द्राक्षबाग आणि मळ्यातलं घर सासऱ्याच्या नावावर. ‘नीघ इथून’ या धमकीलाच निकालाने बळ दिलं, आणि जाच चालतो तो मुख्यतः याच धमकीवर. हा निकाल चुकीचा होता, हे ऑक्टोबर २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केलं. मध्ये चौदा वर्षं गेली. नव्या निकालातही सुनेचा हक्क अबाधित नाही, वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजू तोलावी लागते.

मदतीची साखळी तुलनेने नवी. पीडित बाईची तक्रार नोंदवून तिला मदत करणारे संरक्षण अधिकारी या कायद्यानेच आले, एकाच जागी सगळी मदत देणाऱ्या सखी केंद्रांची योजना २०१५ ची, शिवाय बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन. सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यातल्या बाईला मात्र आधी एसटीच्या भाड्याचे पैसे मागावे लागतात, तेही बहुधा त्याच माणसाकडे.

संरक्षण अधिकारी भरतात त्या घटना अहवालाच्या नमुन्यात घराबाहेर जाऊ न देणं, कुणाला भेटू न देणं, पगार काढून घेणं यांना स्वतंत्र ओळी आहेत. नमुना २००६ चा आहे. मोबाइलचा पासवर्ड आणि लोकेशन अजून ‘इतर’मध्ये लिहावं लागतं.