ब्लेड रनर : शेवटाचा वाद

रिडली स्कॉट या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या ‘ब्लेड रनर’ (१९८२) या विज्ञानपटाचा खरा शेवट कोणता आणि त्याचा नायक रिक डेकर्ड हा माणूस की माणसाने बनवलेला कृत्रिम जीव, याबद्दल चाहत्यांमध्ये चार दशकांहून अधिक काळ चालू असलेला वाद. शेवट आवडला नाही म्हणून प्रेक्षक चिडतात, हे काही नवे नाही. इथे मात्र प्रेक्षकांच्या नाराजीपायी एक शेवट चिकटवला गेला आणि दहा वर्षांनी प्रेक्षकांच्याच ओढीमुळे तो सोलून काढला गेला. त्यामुळे या वादाचा इतिहास हा बराचसा त्या चित्रपटाचाच इतिहास आहे.

कथानक नोव्हेंबर २०१९ मधल्या लॉस एंजेलिसचे. चित्रपट आला तेव्हा हे सदतीस वर्षांनंतरचे भविष्य होते. न थांबणारा पाऊस, धूर, निऑनच्या पाट्या, गर्दीच्या गल्ल्यांत नूडल्सच्या टपऱ्या आणि वर आकाशात परग्रहावरच्या वसाहतींची जाहिरात करत तरंगणारे अवजड यान. टायरेल ही कंपनी ‘रेप्लिकंट’ बनवते. ते दिसायला हुबेहूब माणसासारखे, ताकदीने माणसापेक्षा सरस आणि आयुष्य अवघे चार वर्षांचे. वसाहतींवर त्यांना गुलामासारखे राबवले जाते, पृथ्वीवर त्यांना बंदी आहे. पळून आलेल्यांना शोधून मारणारा पोलीस म्हणजे ब्लेड रनर. या मारण्याला सरकारी भाषेत ‘निवृत्त करणे’ म्हणतात. समोरचा माणूस आहे की रेप्लिकंट, हे ओळखायला एक चाचणी असते. भावना ढवळणारे प्रश्न विचारायचे आणि डोळ्याच्या बाहुलीची हालचाल यंत्रावर पाहायची.

डेकर्ड (हॅरिसन फोर्ड) हा असाच एक थकलेला पोलीस. टायरेलच्या कचेरीत त्याला रेचेल (शॉन यंग) भेटते. आपण रेप्लिकंट आहोत हे तिला ठाऊक नाही, कारण तिच्या डोक्यात टायरेलच्या पुतणीच्या आठवणी भरलेल्या आहेत. हा धागा पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे. आठवणी बाहेरून घालता येत असतील, तर ‘मी माणूस आहे’ असे छातीठोक कोण सांगणार? कळसाच्या प्रसंगात पळपुट्यांचा म्होरक्या रॉय बॅटी (रुटगर हाउअर) गच्चीवरून लोंबकळणाऱ्या डेकर्डला वर ओढून वाचवतो, पावसात भिजत चार वाक्ये बोलतो आणि मरतो. लिहून आलेले ते भाषण हाउअर यांनी स्वतः कापून लहान केले आणि पावसात मिसळून जाणाऱ्या आसवांची उपमा आपल्या पदरची घातली. या प्रसंगाबद्दल चाहत्यांत मतभेद नाहीत. ते सुरू होतात त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांपासून.

मार्च १९८२ मध्ये डेन्व्हर आणि डॅलस इथे चित्रपट निवडक प्रेक्षकांना दाखवून त्यांची मते घेण्यात आली. बहुतेकांना तो उदास आणि गोंधळाचा वाटला. खर्च ठरल्यापेक्षा वाढल्याने पैशाची हमी घेतलेल्या मंडळींचा शब्द आता दिग्दर्शकापेक्षा वरचढ होता. त्यांनी दोन इलाज केले. पहिला म्हणजे डेकर्डच्या आवाजातले निवेदन, जे पडद्यावर दिसतेच आहे ते पुन्हा सांगणारे. फोर्ड यांना ते मुळीच पसंत नव्हते. ते त्यांनी मुद्दाम रटाळ वाचले, अशी दंतकथा चाहत्यांत आहे. स्वतः फोर्ड यांनी ती नाकारली आहे. दुसरा इलाज म्हणजे गोड शेवट. डेकर्ड आणि रेचेल मोटारीने डोंगरदऱ्यांतून निघालेत, आकाश स्वच्छ आहे आणि निवेदक सांगतो की रेचेलला चार वर्षांची मुदत घातलेलीच नव्हती. आपल्याकडच्या व्रतकथेसारखी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण! त्या दृश्यांतली हवाई चित्रणाची काही फीत स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) मधून उरलेली, मागून आणलेली होती. ज्या शहरात पूर्ण चित्रपटभर सूर्य धड दिसला नाही, त्याच्या वेशीबाहेर इतकी हिरवाई कुठून आली, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आणि त्याला चित्रपटात उत्तर नाही.

एवढे करूनही २५ जून १९८२ रोजी चित्रपट लागला तो पडलाच. दोनच आठवड्यांपूर्वी आलेल्या स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ने थिएटरे व्यापली होती. त्या उन्हाळ्यात लोकांना परग्रहावरचा मित्र हवा होता, पावसात मरणारा गुलाम नव्हे. ज्यांच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) या कादंबरीवर हे सारे बेतले होते, ते फिलिप के. डिक मार्चमध्येच वारले होते. पुढच्या वर्षी विज्ञानकथाप्रेमींच्या मतदानाने ठरणारा ह्यूगो पुरस्कार मात्र ‘ब्लेड रनर’ला मिळाला. म्हणजे चाहता होता, फक्त तो तिकीटखिडकीवर कमी पडला. व्हिडिओ कॅसेटने ही उणीव भरून काढली. एकेक चौकट थांबवून पाहता येऊ लागली आणि तशी पाहण्याजोगी चौकट या चित्रपटात ठायी ठायी होती.

१९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स थिएटरात एक जुनी ७० मिमी प्रत लावली गेली. प्रेक्षक नेहमीचा चित्रपट पाहायला बसले आणि त्यांच्या लक्षात आले की हा तो नाहीच. निवेदन जवळजवळ नाही, डोंगर नाहीत. लिफ्टचे दार बंद होते आणि चित्रपट संपतो. ही पूर्वचाचणीच्या काळातली कच्ची प्रत होती. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या न्यूआर्ट आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरांत तिचे खेळ तुडुंब भरले. ही आपली अंतिम आवृत्ती नव्हे, असे स्कॉट यांनी जाहीर केले. पण गर्दी पाहून वॉर्नर ब्रदर्सने त्यांच्या टिपणांनुसार नवी आवृत्ती करायला घेतली. १९९२ मध्ये ती ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणून प्रदर्शित झाली. निवेदन गेले, गोड शेवट गेला आणि काही सेकंदांचे एक दृश्य आत आले. डेकर्ड पियानोपाशी गुंगीत बसला आहे आणि त्याला धुक्यातून धावणारा एकशिंगी घोडा दिसतो.

या काही सेकंदांनी काय केले ते नीट पाहायला हवे. डेकर्डच्या मागावर असणारा गॅफ (एडवर्ड जेम्स ओल्मोस) हा पोलीस रिकामा बसला की घड्या घालून प्राणी करतो. अधिकाऱ्याच्या खोलीत कागदाची कोंबडी, हॉटेलच्या खोलीत काडीचा माणूस. शेवटी डेकर्ड रेचेलला घेऊन घराबाहेर पडतो, तेव्हा दाराशी चकचकीत कागदाचा एकशिंगी पडलेला असतो. हा एकशिंगी १९८२ च्या आवृत्तीतही होता. तिथे त्याचा अर्थ सरळ होता : गॅफ इथवर येऊन गेला आणि त्याने रेचेलला जिवंत सोडले. १९९२ मध्ये वस्तू तीच, डेकर्डचे ती उचलून मान हलवणेही तेच. पण आता प्रेक्षकाने त्याचे स्वप्न पाहिलेले आहे. डेकर्डने कोणालाही न सांगितलेले स्वप्न गॅफला कसे कळले? रेचेलच्या आठवणी जशा डेकर्डला फाईल वाचून ठाऊक होत्या, तसेच तर नव्हे? शेवटाच्या दृश्याला हातही न लावता शेवट बदलला. संकलनाची इतकी स्वस्त आणि इतकी घातक करामत क्वचितच पाहायला मिळते. हा घोडा स्कॉट यांच्या पुढच्या ‘लेजंड’ (१९८५) या चित्रपटातून उचलल्याची वावडी बराच काळ फिरत होती. प्रत्यक्षात ते चित्रण ‘ब्लेड रनर’साठीच झाले होते.

त्यानंतर चाहत्यांनी चित्रपट वकिलासारखा उलटतपासला. सर्वांत गाजलेला पुरावा हिशेबाचा. पोलीस अधिकारी सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले, एक विजेच्या कुंपणात मेला. पण शोधायचे म्हणून डेकर्डला चारच दाखवले जातात. मग सहावा कोण? डेकर्डच, असे एक गट म्हणे. खरे कारण साधे होते. मूळ पटकथेत आणखी एक स्त्री रेप्लिकंट होती, ती गाळली गेली आणि संवादातला आकडा दुरुस्त करायचा राहिला. २००७ च्या आवृत्तीत मेलेल्यांची संख्या दोन करून हिशेब जुळवला, तरी या तर्काला मानणारे उरलेच. दुसरा पुरावा डोळ्यांचा. कृत्रिम घुबडाच्या आणि रेप्लिकंटांच्या बाहुल्यांत एक लालसर चमक दिसते. एका दृश्यात रेचेलच्या मागे उभ्या असलेल्या डेकर्डच्या डोळ्यांतही ती क्षणभर दिसते. शिवाय पियानोवर मांडलेले जुने फोटो (रेप्लिकंटांना फोटोंचे वेड असते), ‘ती चाचणी तू स्वतः कधी दिली आहेस का?’ हा रेचेलचा प्रश्न आणि तू माणसाला शोभेलसे काम केलेस, ही गॅफची तिरकस शाबासकी.

डेकर्डला माणूस मानणाऱ्यांची बाजू पुराव्यांवर कमी आणि कथेच्या अर्थावर जास्त उभी आहे. एक तर तो प्रत्येक रेप्लिकंटच्या हातून मार खातो. शिकारीसाठी बनवलेले यंत्र इतके कमजोर कोण बनवेल? पण त्यांचा मुख्य मुद्दा बॅटीचा आहे. आपल्याला मारायला आलेल्या माणसाला यंत्र जीवदान देते, यात जी धार आहे, ती दोघेही यंत्रे ठरली की बोथट होते. डिक यांच्या कादंबरीत डेकर्ड माणूसच आहे आणि मारता मारता माणूस आतून कोरडा होत जातो, हेच तिथले दुखणे आहे. प्रस्तुत लेखकाचा कलही इकडेच आहे. कोड्याचे उत्तर म्हणून ‘तो रेप्लिकंट’ हे चमकदार असले तरी गोष्ट म्हणून ते थोडे लहान वाटते.

गंमत अशी की चित्रपट करणाऱ्यांतही एकमत नव्हते. २००० साली ब्रिटनच्या चॅनेल फोरवरच्या माहितीपटात स्कॉट यांनी डेकर्ड रेप्लिकंट असल्याचे स्पष्ट सांगितले. प्रेक्षकाला आपले म्हणायला पडद्यावर एक तरी माणूस हवा, म्हणून फोर्ड यांचा या कल्पनेला विरोध होता. २०२३ मधल्या एका मुलाखतीत मात्र आपल्याला ते आधीपासून कळत होते, फक्त मान्य करायचे नव्हते, असे ते म्हणाले. पटकथाकार हॅम्प्टन फॅन्चर यांना प्रश्न उघडा ठेवण्यात रस होता. दिग्दर्शकानेच निकाल दिल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. उलट ‘कर्त्याचा शब्द प्रमाण मानायचा का’ असा एक नवा वाद त्याला जोडला गेला. जे दिग्दर्शकाच्या आवृत्तीसाठी रांगा लावत होते, त्यांच्यातलेच कित्येक दिग्दर्शकाचे स्पष्टीकरण धुडकावून लावू लागले.

सप्टेंबर २००७ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘अंतिम आवृत्ती’ दाखवली गेली. संपूर्ण ताबा स्कॉट यांच्याकडे असलेली ही एकमेव आवृत्ती. हिच्यात एकशिंग्याचे स्वप्न पूर्ण लांबीने आहे. बॅटी मरतो तेव्हा त्याच्या हातून सुटणारे कबुतर पूर्वी अचानक निळ्या आकाशात उडत असे, तेही आता काळोख्या आभाळात गेले. याच वेळी पाच वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र भरलेला डिस्कसंच विक्रीला आला. म्हणजे वाद आता स्टुडिओच्या दुकानातला माल झाला होता. १९८२ ची निवेदनासह आवृत्ती आवडणाऱ्यांचीही त्यात सोय झाली. लहानपणी तीच पाहिलेले अनेकजण फोर्ड यांच्या त्या कंटाळलेल्या आवाजाशिवाय चित्रपट पोरका वाटतो म्हणतात. त्यांना हसणारे पुष्कळ आहेत, पण पहिल्या भेटीची ओढ तर्काला जुमानत नाही.

याच सुमाराचे दुसरे उदाहरण टेरी गिलियम यांच्या ‘ब्राझील’चे (१९८५). तिथेही स्टुडिओला करुण शेवट नको होता. पण गिलियम यांनी ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्रात पानभर जाहिरात देऊन चित्रपट कधी प्रदर्शित करणार, असे स्टुडिओप्रमुखाला जाहीरपणे विचारले आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी प्रदर्शनाआधीच त्याला सर्वोत्कृष्ट ठरवले. लढाई काही महिन्यांत आटोपली. ‘ब्लेड रनर’ला पाठीराखे मिळायला दहा वर्षे लागली, त्याच्याभोवतीचा वाद इतका मुरला, याचे एक कारण हेही असावे.

१९ जुलै २०१९ रोजी रुटगर हाउअर यांचे निधन झाले. चित्रपटात रॉय बॅटीही २०१९ मध्येच मरतो, हे चाहत्यांनी बातमी कळताच टिपले. नोव्हेंबर उजाडला, तेव्हा कथेतला काळ प्रत्यक्षात मागे पडला.

त्याआधीच, २०१७ मध्ये, दनी व्हिलनव यांनी ‘ब्लेड रनर २०४९’ आणला होता. तीस वर्षांनी म्हातारा झालेला डेकर्ड त्यात आहे. तेव्हा आता तरी उत्तर मिळेल, ही अपेक्षा होती. एक खलपुरुष त्याला ‘तुझी आणि रेचेलची भेट आधीच आखलेली नसेल कशावरून?’ अशा अर्थाचे टोचून विचारतो आणि तिथेच सोडून देतो. गॅफही एकाच प्रसंगात येतो, वृद्धाश्रमात बसलेला. डेकर्डविषयी विचारल्यावर त्याच्या डोळ्यांत काहीतरी होते, एवढेच म्हणतो आणि लाल चमकवाले लगेच सरसावून बसतात. बोलता बोलता त्याची बोटे सवयीने कागदाला घड्या घालत असतात. या वेळी मेंढी होते.