खुलासा : गाडी जितकी घसरेल, तितका रेसिंग गेम खरा?

‘ज्या गेममध्ये गाडी सांभाळणं जास्त अवघड, तो जास्त खरा’ हा समज नाशिकच्या गेमिंग कॅफेंपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय. सोप्या गेममध्ये गाडी कुठल्याही वेगाने वळते, त्यामुळे अवघड तेच खरं असं वाटणं साहजिक आहे.

पण गंगापूर रोडच्या कोरड्या डांबरावर ४०च्या वेगाने हलकं वळण घेणारी हॅचबॅक गरकन फिरत नाही. वळताना टायरचं तोंड एकीकडे असतं आणि तो सरकतो किंचित वेगळ्या दिशेला. हा कोन साधारण ६ ते १० अंशांपर्यंत जाईतो पकड वाढते, त्यापुढे ती हळूहळू उतरते. एकदम शून्यावर येत नाही. त्याआधीच स्टिअरिंग हलकं पडायला लागतं, टायर ओरडतात. सावरायला वेळ मिळतो तो इथेच, आणि चांगल्या गेममध्ये हेच जाणवायला हवं.

तपासायचं कसं? साधी गाडी, कोरडा सरळ ट्रॅक, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू. १००च्या वेगावर पूर्ण ब्रेक दाबा आणि रिप्लेमध्ये वेळ मोजा. गाडी साधारण ३ सेकंदांत, ४०-४५ मीटरमध्ये थांबायला हवी. ५ सेकंद लागले तर गेमने पकड कमी धरली आहे.

त्याआधी सेटिंग मात्र बघाच. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच-तीन फेऱ्या फिरतं, म्हणून गेमला जोडलेल्या स्टिअरिंग व्हीलची फिरण्याची मर्यादा ९०० अंशांवर, म्हणजे अडीच फेऱ्यांवर ठेवा. ते २७० वर राहिलं तर हाताच्या तेवढ्याच हालचालीत चाकं तिपटीहून जास्त वळतात, गाडी फिरते आणि दोष गेमवर जातो.