फॉर्ममधली मूल्ये गोळा करणाऱ्या प्लगइनची पार्श्वभूमी

वेबपानावरचा फॉर्म भरून 'सबमिट' दाबले की त्यातली मूल्ये गोळा करण्याचे काम पूर्वी ब्राउझर मुकाट्याने करत असे. कोणते मूल्य पाठवायचे आणि कोणते वगळायचे याचे नियमही ठरलेले होते. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या १९९९ च्या ४.०१ या मानकात ते स्पष्ट लिहिले आहेत : ज्या घटकाला नाव नाही तो जात नाही, निष्क्रिय केलेला जात नाही आणि खूण न केलेला चेकबॉक्सही जात नाही. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा १९९५ पासून होती. पण तिचा उपयोग बहुधा रकाना रिकामा राहिला आहे का, एवढे तपासण्यापुरता होई.

२००५ मध्ये पान न बदलता माहिती पाठवण्याच्या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव रूढ झाले आणि ती फोफावली. तेव्हा ब्राउझर आपसूक करत असलेले हे काम प्रोग्रामरच्या अंगावर आले. फॉर्ममधील एकेका घटकावरून लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) फिरवायचा, त्याचा प्रकार पाहायचा, रेडिओ बटणांपैकी निवडलेले शोधायचे, अनेक पर्यायांच्या यादीसाठी आत आणखी एक लूप लिहायचा, आणि हे सारे प्रत्येक पानावर नव्याने करायचे, अशी ती कटकट होती. प्रोटोटाइप या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाने, यावर तयार फंक्शने दिली. पाठोपाठ ऑगस्ट २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची १.० आवृत्ती आली.

जेक्वेरीत प्लगइन, म्हणजे तिला नवी सोय जोडणारा छोटा कोड, लिहिणे फारच सोपे होते. 'जेक्वेरी.एफएन' या ऑब्जेक्टला आपले फंक्शन जोडले की पानावरून निवडलेल्या कोणत्याही घटकसंचावर ते चालवता येई. याच सोयीतून पुढे प्लगइनचे पेव फुटले, त्यात बरेचसे सुमारही होते. माइक अल्सप यांचे फॉर्म प्लगइन मात्र विचारपूर्वक लिहिलेले होते. त्यातील 'फील्डव्हॅल्यू' ही मेथड (घटकसंचावर चालणारे फंक्शन) एचटीएमएलचे वरचे नियम पाळते आणि उत्तर नेहमी अ‍ॅरेच्या, म्हणजे मूल्यांच्या यादीच्या, रूपात देते.

याचे महत्त्व उदाहरणानेच कळते. 'छंद' या नावाचे तीन चेकबॉक्स आहेत, क्रिकेट, वाचन आणि गिर्यारोहण, आणि वापरणाऱ्याने शेवटच्या दोहोंवर खूण केली आहे, असे समजा. या तिन्हींवर जेक्वेरीची 'व्हॅल' ही मेथड चालवली तर 'क्रिकेट' हे उत्तर येते, कारण ती संचातील पहिल्या घटकाचे मूल्य देते आणि खूण आहे की नाही हे पाहतच नाही. 'फील्डव्हॅल्यू' वाचन आणि गिर्यारोहण ही दोन्ही मूल्ये देते. नवख्या माणसाला 'व्हॅल'चे हे वागणे चूक वाटते. पण ती मेथड मुळात एका घटकाचे मूल्य विचारण्यासाठी आहे.

सप्टेंबर २००७ च्या १.२ आवृत्तीत 'सीरियलाइझअ‍ॅरे' आणि संचातील प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून निकाल गोळा करणारी 'मॅप' या मेथड जेक्वेरीच्या गाभ्यातच आल्या, त्यामुळे साध्या कामासाठी वेगळ्या प्लगइनची गरज उरली नाही. 'सीरियलाइझअ‍ॅरे' नाव आणि मूल्य यांच्या जोड्या देते. पुष्कळांना मात्र नावागणिक मूल्य देणारा सरळ ऑब्जेक्ट हवा होता, म्हणून तसे रूपांतर करणारी छोटी प्लगइन अनेकांनी लिहिली. त्यांपैकी घाईत लिहिलेल्यांत 'छंद'चे दुसरे मूल्य पहिल्यावर चढे आणि हाती फक्त गिर्यारोहण उरे.

मराठी मजकुराच्या बाबतीत एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे पाठवण्याजोग्या चिन्हांत बदलण्याचाही प्रश्न होता. जुन्या 'एस्केप' या फंक्शनने देवनागरी अक्षरांचे जे रूप होई, ते सर्व्हरला बहुधा उलगडत नसे. फॉर्ममधली मूल्ये एका सलग मजकुरात जोडून देणारी जेक्वेरीची 'सीरियलाइझ' ही मेथड यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीप्रमाणे एन्कोड करते, त्यामुळे 'पुणे' हा शब्द ३६ चिन्हांचा होऊन जातो, पण पलीकडे शाबूत पोहोचतो.

आता ब्राउझर 'फॉर्मडेटा' हा ऑब्जेक्ट स्वतःच पुरवतात आणि तो जुन्याच नियमांनी भरला जातो. त्याच्याकडे 'गेट'ने 'छंद' मागितला तर पहिले एकच मूल्य मिळते. दोन्ही हवी असतील तर 'गेटऑल' वापरावे लागते.