ठरलेल्या किमतीवरून गाडीचा डीलर फिरला तर: तक्रार कोण, कुठे आणि कोणत्या कागदांवर करू शकतो

गणपती जवळ आले की चिपळूणपासून कुडाळपर्यंतच्या शोरूममध्ये गर्दी उसळते. मुंबईहून चाकरमानी फोनवर गाडी ठरवतात, गावातले 'गणपतीक गाडी दारात व्हयी' म्हणून घाईने बुकिंग भरतात आणि बरीचशी बोलणी तोंडी राहतात. मग डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी फोन येतो, ''सर, ती ऑफर मागच्या महिन्याची होती. आता तेवढं बसणार नाही.'' सत्यनारायणाची तारीख भटजींना सांगून झालेली असते, त्यामुळे बहुतेक जण वाढीव पैसे भरून मोकळे होतात. हे डीलरलाही पक्कं ठाऊक असतं.

तक्रारीआधी एक गोष्ट तपासा: ऑन-रोड किमतीतली (म्हणजे कर, विमा वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण किमतीतली) नेमकी कोणती ओळ बदलली? प्रकरण तुमच्या बाजूने किती आहे, हे बव्हंशी त्यावरच ठरतं.

कोटेशनच्या कागदावर एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर व नोंदणी, विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज किट, कधी 'हँडलिंग' आणि शेवटी वजा सवलत अशा ओळी असतात. कंपनीनेच एक्स-शोरूम किंमत वाढवली असेल आणि बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील' असं छापलेलं असेल, तर डीलरची बाजू भक्कम असते. तिथे भांडण ताणण्यात फारसा अर्थ नाही, मात्र डिलिव्हरीची लेखी तारीख उलटून गेल्यावर ही वाढ झाली असेल तर गोष्ट वेगळी. ठरलेल्या मुदतीपलीकडे माल द्यायला उशीर करणं आणि त्यामुळे किंमत वाढणं, याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रतिबंधित व्यापारी प्रथा म्हणतो. करात बदल झाला तर बिलाच्या दिवशीचा दर लागतो. हे उलट बाजूनेही खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आधी बुकिंग करून नंतर बिल झालेल्यांनाही नवाच दर लागू होता.

याउलट डीलरने स्वतः कबूल केलेली सवलत काढून घेतली, किंवा 'किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही', 'विमा आमच्याकडूनच' असं सुरू केलं, तर पारडं तुमच्याकडे झुकतं. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं हीसुद्धा प्रतिबंधित व्यापारी प्रथाच आहे. विमा कुठल्याही कंपनीचा चालतो, फक्त नव्या कारसाठी थर्ड पार्टी विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) तीन वर्षांचा लागतो. आणि याच कायद्यात 'तक्रार' या संज्ञेच्या व्याख्येत एक उपकलम आहे, जे शोरूममधल्या वादात कोणी काढत नाही: छापील दरपत्रकापेक्षा किंवा दोन्ही पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणी केली, तर तेवढ्यावरही तक्रार होते.

पात्रता

स्वतःच्या वापरासाठी गाडी घेणारा ग्राहक ठरतोच. पूर्ण पैसे दिलेले असण्याची गरज नाही. थोडे दिले आणि बाकीचे देण्याचं कबूल केलं, तरी चालतं. व्यापारी कारणासाठी घेतलेली गाडी मात्र वगळली आहे. त्याला अपवाद आहे स्वयंरोजगाराचा. तारकर्लीत पर्यटकांसाठी स्वतः टॅक्सी चालवणारा, किंवा आंब्याच्या पेट्या वाशीला नेण्यासाठी पिकअप घेऊन त्यावर घर चालवणारा ग्राहकच ठरतो. पाच गाड्या ड्रायव्हर ठेवून फिरवणाऱ्याला ते सिद्ध करणं जड जाईल.

जुनी गाडी व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतली तरी हाच मार्ग आहे. शेजाऱ्याने आपली गाडी विकायचं कबूल करून शब्द फिरवला तर तो व्यापारी नव्हे. तिथे दिवाणी न्यायालय.

मुदत आहे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

कुठे

आपल्याकडच्या लोकांना बहुधा माहीत नसलेला मुद्दा हा. सिंधुदुर्गातले कितीतरी जण गाडी कोल्हापुरात घेतात. जुन्या १९८६ च्या कायद्यात साधारणपणे डीलर जिथे, तिथे जावं लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे देवगडच्या माणसाला घाट चढायची गरज नाही. सिंधुदुर्गचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग ओरोसला, रत्नागिरीचा रत्नागिरीत, रायगडचा अलिबागला आहे. बुकिंग मुंबईतल्या मुलाच्या नावावर असेल तर मात्र त्याचं राहण्याचं ठिकाण धरलं जातं, गावचं घर नव्हे. म्हणून बुकिंग कोणाच्या नावावर करायचं हे आधीच ठरवा.

जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ती गाडीसाठी प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवर मोजतात. शुल्कही त्यावरच: ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४०० रुपये, २० ते ५० लाख १,००० रुपये. एक खाच लक्षात ठेवा. बुकिंग फॉर्ममधली ती बारीक अक्षरातली अटच अन्याय्य आहे, असं म्हणायचं असेल तर 'अन्याय्य करारा'ची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. त्यामुळे जिल्ह्यात अर्ज करताना भर अटीवर न ठेवता जादा आकारणीवर आणि व्यापारी प्रथेवर ठेवा.

आयोगाआधी

पहिलं काम, फोन बंद करून लिहायला लागणं. डीलरच्या व्यवस्थापकाला ईमेल करा आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत पाठवा. डीलर आपल्याला जितकं धुडकावतो तितकं कंपनीला धुडकावू शकत नाही. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त समोरच्याकडून उत्तर मागवते. तरीही तो क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

मग १५ दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने, पोच जपून. कायद्यात ती सक्तीची नाही, पण आयोगासमोर 'यांनी आम्हाला कधी कळवलंच नाही' हे वाक्य तिने बंद होतं. वकिलाची गरज नाही. साधा मजकूर पुरे: ''दि. __ च्या कोटेशनप्रमाणे ३०,००० रुपयांची सवलत आपण कबूल केली व २१,००० रुपये बुकिंग घेतले. आता ती सवलत नाकारत आहात. ठरल्या किमतीत गाडी द्यावी, अन्यथा रक्कम व्याजासह परत करावी.''

गाडी सोडवून घेणं भागच असेल तर फरक भरा, पण भरण्याआधी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहा, 'ही जादा रक्कम हरकत राखून भरत आहे.' हे न लिहिता पैसे भरले की डीलर म्हणतो, ग्राहकाने राजीखुशीने दिले. डिलिव्हरीच्या वेळी समोर सरकवलेल्या कागदांच्या चळतीत 'पूर्ण समाधान' असा एक कागद असतो. हार-पेढ्यांच्या आणि फोटोच्या गडबडीत त्यावर सही करू नका.

कागदपत्रं

कोटेशन आणि बुकिंग फॉर्म, दोन्ही बाजूंसकट. बुकिंगची पावती, बँकेचा उतारा, बिल झालं असल्यास टॅक्स इनव्हॉइस, नोटीस आणि तिची पोच, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक, आधार किंवा रहिवासाचा पुरावा. कोटेशनच्या कोपऱ्यात सेल्समनने पेनाने लिहून दिलेलं '३० कमी ओके' हा दुबळा पुरावा आहे. त्याची सही, तारीख आणि शोरूमचा शिक्का असेल तर जोर येतो. शिक्का मिळत नसेल तर त्याच संध्याकाळी 'आज ठरल्याप्रमाणे सवलत ३०,००० बरोबर ना?' असा व्हॉट्सॲप करा. तिकडून आलेला 'हो सर' पुष्कळ आहे.

चॅटची नुसती छापील प्रत लावू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन बदलू नका. रोखीचे व्यवहार टाळा. पावती नसलेला पैसा आयोगाला दिसत नाही, आणि एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदीच आहे.

अर्ज आणि पुढे

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर खातं उघडून दाखल होते. अर्जात तक्रारदार, सामनेवाले (डीलर, आणि कंपनीचा संबंध असेल तर कंपनीही), घटनाक्रम तारखांसह, मागणी, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदयादी. मागणी आवाक्यातली ठेवा: फरकाची किंवा बुकिंगची रक्कम, व्याज, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. तीस हजारांच्या वादात पाच लाखांचा मनस्ताप मागितला की खरी मागणीही हलकी वाटायला लागते.

दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरतं. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४६ व्या दिवशी आलेला जबाब घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात. सुनावणी व्हिडिओवर मागता येते, खेपा वाचतात. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. डीलरने अपील केलं, तर आदेशातल्या रकमेची निम्मी आधी भरावी लागते. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मध्येच डीलरकडून 'मिटवून टाकू' असा फोन आला तर मिटवायला हरकत नाही, पण अटी लेखी घ्या आणि तक्रार मागे घेण्याच्या पुरसीसवर (आयोगाला द्यायच्या लेखी निवेदनावर) सही रक्कम खात्यात जमा झाल्यावरच करा. चेक हातात मिळाला म्हणून नव्हे.