बीटल्स या ब्रिटिश बँडची गाणी मायकल जॅक्सनची झाली आणि बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला काहीच मिळत नाही? नाही हो!

हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय आणि अर्धवट आहे. जॅक्सनने 1985 मध्ये 4 कोटी 75 लाख डॉलर देऊन एटीव्ही म्युझिक ही गाण्यांचे हक्क बाळगणारी कंपनी घेतली, हे खरंय, त्यात पॉल आणि बँडमधल्याच जॉन लेननने मिळून लिहिलेल्या बहुतेक गाण्यांचे पब्लिशिंग हक्क होते. पण पब्लिशिंग म्हणजे गाण्याचे शब्द आणि चाल, रेकॉर्डिंग नव्हे, ती तेव्हा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडेच होती. आणि गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टीचा वाटा पॉलला आधीपासून मिळायचा तो पुढेही मिळतच राहिला, गेला तो मालकीचा भाग आणि गाणं जाहिरातीत वापरू द्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार, आणि त्याचं दुःख त्याला होणारच ना.

दुसरं म्हणजे पॉल हात चोळत बसलेला नाही. त्याची एमपीएल कंपनी 1970 च्या दशकापासून दुसऱ्यांच्या गाण्यांचे हक्क घेतेय, अमेरिकन रॉक गायक बडी हॉलीची गाणी घेतली, तो पॉलचा लहानपणापासूनचा आवडता! बीटल्सचं 'लव्ह मी डू' एटीव्हीकडे नव्हतंच, त्याचेही हक्क एमपीएलने नंतर मिळवले. जॅक्सनच्या इस्टेटने (त्याच्या मृत्यूनंतर मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी) तर 2016 मध्ये सोनी/एटीव्हीतला, म्हणजे सोनी आणि एटीव्ही मिळून झालेल्या कंपनीतला, आपला हिस्सा सोनीला विकला, म्हणजे 'जॅक्सन कुटुंब मालक' हेही आता जुनं झालं.