प्लेटलेट आधीच कमी, मग प्रतिकारशक्ती दाबायची कशाला?

पावसाळा सरता सरता पुण्यात प्लेटलेट हा शब्द घराघरांत पोचलेला असतो. डेंग्यूच्या पेशंटचा सकाळ-संध्याकाळचा आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, कुणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवतं, आठवड्याभरात आकडा आपोआप वर येतो आणि श्रेय रसाला जातं. पण काही जणांना ताप आलेलाच नसतो. पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. सीबीसी केली की किमान दीड लाख हवेत तिथे १८ हजार, आणि आठवडे उलटले तरी आकडा हलत नाही.

अशा रिपोर्टवर विश्वास ठेवण्याआधी चांगला पॅथॉलॉजिस्ट रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली स्वतः बघतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात, मशिनला ते पुंजके मोजता येत नाहीत आणि ठणठणीत माणसाच्या हाती घाबरवणारा रिपोर्ट पडतो. सायट्रेटच्या, निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की बहुधा खुलासा होतो.

आकडा खरा निघाला आणि एचआयव्ही, हेपटायटिस सी, ल्यूपस, एखादं औषध अशी कारणं बाजूला झाली की उरतो आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. यात शरीराचीच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) प्लेटलेटना चिकटतात आणि अशा प्लेटलेट प्लीहेतल्या (स्प्लीनमधल्या) भक्षक पेशी गिळून टाकतात. निरोगी प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते, इथे तिचं आयुष्य फार तर काही तास किंवा दोन-तीन दिवसांचं. हे कळलं ते जरा अघोरी मार्गाने. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या पेशंटचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला फिटही आली, आणि काही दिवसांनी आकडा पूर्ववत झाला. पेशंटच्या रक्तातलंच काहीतरी प्लेटलेट मारतंय, हे त्यातून दिसलं. आजची कुठलीही एथिक्स कमिटी अशा प्रस्तावाकडे बघणारसुद्धा नाही.

पहिला उपाय स्टेरॉइडचा. घाई असेल तर आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून देतात. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा या महागड्या इंजेक्शनचं नाव पुणेकरांना पाठ झालं होतं. स्टेरॉइडने बहुतेकांचा आकडा चढतो, पण डोस उतरवू लागलं की अनेकांचा पुन्हा कोसळतो. आणि स्टेरॉइड महिनोन्‌महिने चालू ठेवणं परवडत नाही: साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, चेहरा सुजतो. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०१९ साली तर प्रौढांसाठी सहा आठवड्यांचीच मर्यादा सुचवली. इथे अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी एकाचं नाव चिठ्ठीवर येतं.

“डॉक्टर, आधीच प्लेटलेट नाहीत, त्यात आता प्रतिकारशक्ती पण दाबायची?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. ही औषधं प्लेटलेट थेट वाढवत नाहीत, त्यांना मारणारी प्रतिपिंडं कमी करतात. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या लिम्फोसाइट पेशींना वेगाने विभागायचं असतं, त्यासाठी डीएनएचा कच्चा माल, म्हणजे प्युरीन लागतं. इतर बऱ्याच पेशी जुनं प्युरीन पुन्हा वापरून भागवतात. लिम्फोसाइटना मुख्यतः नवंच बनवावं लागतं. मायकोफेनोलेट नेमकी ही वाट अडवतं. अझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर नकली प्युरीन होऊन डीएनएत शिरतं. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८चं नोबेल मिळालं.

नवी प्रतिपिंडं थांबली तरी जुनी रक्तात फिरतच असतात. ती निम्मी व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून मायकोफेनोलेटचा गुण दिसायला एक-दोन महिने जातात, अझाथायोप्रिनला तीन ते सहा. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणारे इथेच फसतात.

ब्रिटनमध्ये १२० पेशंटांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या स्टेरॉइडवर ४४ टक्क्यांचा उपचार फसला, सोबत मायकोफेनोलेट दिल्यावर २२ टक्क्यांचा. मात्र मायकोफेनोलेट घेणाऱ्यांना थकवा जास्त जाणवला. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. रक्तस्राव नसेल आणि प्लेटलेट ३० हजारांच्या वर असतील, तर अनेक प्रौढांना औषधाशिवाय नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. रिपोर्टवर दीड लाख उमटवण्यासाठी दिवसभर गळून जाणं हा तोट्याचा सौदा आहे.

खरी गुंतागुंत अझाथायोप्रिनची. ते रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाही (बोन मॅरो) दाबू शकतं, म्हणजे प्लेटलेट औषधानेच उतरू शकतात. म्हणून सुरुवातीला जवळपास दर आठवड्याला सीबीसी करतात. एकट्या प्लेटलेट घसरल्या तर संशय आजारावर. सोबत पांढऱ्या पेशीही घसरल्या तर औषधावर. एनयूडीटी१५ या जनुकातला एक बदल भारतीयांत युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि तो असलेल्यांना नेहमीचा डोसही झेपत नाही. त्यांचे पहिल्या काही आठवड्यांतच केस पुंजक्यांनी गळू लागतात, पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली येतात. औषध सुरू करण्याआधी ही तपासणी एकदाच करावी लागते. जोडीला हेपटायटिस बी, लिव्हरच्या चाचण्या आणि छातीचा एक्स-रे, कारण आपल्याकडे झोपलेला टीबी जागा होण्याची भीती असते. जिवंत विषाणूंच्या लशी या काळात चालत नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर मायकोफेनोलेट नकोच, त्याने बाळात व्यंग येऊ शकतं.

‘इम्युनिटी वाढवायला’ म्हणून घरचे काढे पाजत असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. आणि युरिक ॲसिडसाठी कुणी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर आधी अझाथायोप्रिनची चिठ्ठी दाखवा. दोन्ही एकत्र आली की अझाथायोप्रिनचा निचरा अडतो, आणि डोस पाव-तृतीयांशावर आणला नाही तर अस्थिमज्जा बंद पडू शकते.